आपल्या पार्किंगचा इतिहास

आपल्या सोसायटीच्या मंजूर नकाशात स्टिल्टखाली चारचाकीचे चौकोन मोजके आणि दुचाकीच्या रेघा भरपूर आहेत. नव्याने राहायला आलेली मंडळी हा नकाशा पाहिला की बिल्डरला नावं ठेवतात. माझ्या मते यात बिल्डरचा दोष थोडा आणि काळाचा जास्त. नकाशा निघाला तेव्हा आकुर्डी-चिंचवडकडे ‘एक घर, एक स्कूटर’ हे गणित पक्कं होतं. स्मरणिकेत भांडणांबद्दल लिहू नये असा संकेत आहे, म्हणून मी गाड्यांबद्दल लिहितो. ज्यांना समजायचं ते समजतील.

स्कूटर आपल्या अगदी शेजारची. बजाज ऑटो आधी इटलीच्या पिआज्जो कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. १९७१ मध्ये तो करार संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. कारखान्याने किती गाड्या काढायच्या हे तेव्हा सरकारी परवान्यावर ठरायचं आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. परकीय चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे, म्हणून ज्याचा मेहुणा आखातात त्याची वट! नंबर लागलेली गाडी शोरूमच्या दारातच ‘ऑन’ घेऊन विकणारेही होते. म्हणजे नव्या गाडीपेक्षा हातबदल झालेली गाडी महाग. आजच्या मुलांना हे सांगितलं की ती आजोबांकडे संशयाने बघतात.

चेतकची थोडी कीर्ती पर्याय नसल्याची होती, हे मान्य केलं पाहिजे. पण पत्र्याची बॉडी, मागे स्टेपनी, डिकीत भाजी, पुढे उभं राहिलेलं पोरगं, आणि कोपऱ्यावरच्या कुठल्याही मेकॅनिकला उघडता येईल असं इंजिन. सकाळी किक बसली नाही तर गाडी एका अंगावर कलती करायची, पुन्हा सरळ करायची आणि देवाचं नाव घेऊन किक मारायची. आपल्या इमारतीतल्या निम्म्या काकांचे गुडघे त्याचीच साक्ष देतात. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा बटनस्टार्ट आणि बिनगिअरची आली, तेव्हाच पुढचं चित्र दिसलं होतं. २००१ मध्ये ॲक्टिव्हा आली आणि घरातल्या बायका-मुली सर्रास गाडी चालवू लागल्या. तरीही २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बंद करून फक्त मोटारसायकलवर लक्ष द्यायचं ठरवलं. पल्सर जोरात होती, हिशोब समजतो. पण मेली होती ती गिअरची स्कूटर. स्कूटर नव्हे. हे माझं तेव्हाही मत होतं.

आता चारचाकी. १९८३ मध्ये मारुती ८०० आली, पण आपल्या मंडळींच्या घरात गाडी शिरली ती खरी पुढे. १९९३ मध्ये मोटार बनवण्याचं परवानाराज संपलं, मग बँकांची कर्जं सोपी झाली. आणि डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका बाजारात आली. पुणेकर आणि पिंपरीकर यांच्यासाठी ही साधी बातमी नव्हती. ट्रक बनवणारी टेल्को स्वतः मोटार बनवणार यावर बाहेरचे हसत होते. आखणीत इटलीतल्या तुरीनच्या कंपनीची मदत घेतली, ऑस्ट्रेलियातला निस्सानचा बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजाने आणला आणि पिंपरीत उभा केला. पहिल्या काही दिवसांतच लाखाच्या वर लोकांनी पैसे भरून नोंदणी केली. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी भरपूर आल्या. कंपनीने त्या निस्तरल्या आणि २००१ मध्ये व्ही-टू काढली. मला इंडिकाचं कौतुक इथे वाटतं. पहिल्या फटक्यात सगळं जमलं नाही, तरी माघार घेतली नाही. डिझेलवर चालणारी, पाच माणसं ऐसपैस बसणारी गाडी स्कूटरवाल्या कुटुंबाला परवडू लागली आणि आपल्या नकाशाचं गणित तिथेच मोडलं.

किती मोडलं ते मोजू. बांधकाम नियमावलीत मोटारीला २.५ मीटर बाय ५ मीटर जागा धरतात, स्कूटरला १ मीटर बाय २. म्हणजे एका मोटारीच्या जागेत सहा स्कूटर. एका घराने स्कूटर विकून मोटार घेतली की त्याने शेजारच्या पाच घरांची जागा व्यापली, आणि स्कूटर बहुतेकांनी विकलीही नाही!

यात सरकारचाही एक हात आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्के झालं. तेव्हापासून आपल्या देशात शेपूट छाटलेल्या सेडान आणि आखूड एसयूव्ही निघाल्या. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलातही ती चार मीटरची रेघ टिकली. सौंदर्याच्या दृष्टीने काही गाड्या बघवत नाहीत, पण या नियमाचे आपण आभार मानावेत. तो नसता तर बोनेट खांबाच्या पुढे येऊन लिफ्टचा रस्ता अडला असता. लांबी रोखली गेली, रुंदी मात्र रोखली नाही. ८०० जेमतेम १.४४ मीटर रुंद होती. आजच्या एसयूव्ही १.८ मीटरच्या आसपास जातात, आणि दोन खांबांमध्ये लावल्यावर चालकाला बाहेर पडताना पोट आत घ्यावं लागतं.

जागा कोणाची हा प्रश्न दरवर्षी निघतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट सांगितलं की स्टिल्टची जागा सदनिकेसारखी वेगळी विकण्याचा बिल्डरला अधिकार नाही. ती सामायिक आहे, सोसायटीने नियमाने वाटायची आहे. तेव्हा ‘मी पैसे मोजलेत’ हे वाक्य सभेत कितीही मोठ्याने म्हटलं तरी त्याचं वजन वाढत नाही.

आणि आता पुढचा पेच वीजगाड्यांचा. २०२० च्या जानेवारीत चेतक परत आली, विजेवर. २०२२ मध्ये तिचं उत्पादन जिथे जुनी चेतक बनायची त्याच आकुर्डीत सुरू झालं. अशी स्कूटर पूर्ण चार्ज व्हायला साधारण तीन युनिट लागतात, घरातल्या साध्या प्लगवर. त्याच महिन्यात आलेल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी तीस युनिटची. १५ अँपिअरच्या प्लगवर ती रात्रभर तीनेक किलोवॉट खेचते. वीस घरांनी एकदम गाड्या लावल्या तर साठ किलोवॉट, आणि आपल्या मीटररूमच्या जुन्या तारा त्यासाठी घातलेल्याच नाहीत.

गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरून खिडकीतून सोडलेली एक्स्टेंशन वायर सगळ्यांनी पाहिली. तो उपाय नव्हे. पण ‘वीजगाडीला बंदी’ हा ठरावही मला चुकीचा वाटतो, कारण पुढची पिढी याच गाड्या घेणार. महावितरण चार्जिंगसाठी वेगळी जोडणी आणि वेगळा दर देतं. मीटररूमला लागून असलेल्या दोन जागा कोणालाही कायम न देता सामायिक चार्जिंगसाठी ठेवाव्यात, सबमीटर लावावेत, स्कूटरसाठी कंपाउंडच्या भिंतीला सहा साधे प्लग द्यावेत आणि मोटारींना रात्रीच्या पाळ्या ठरवून द्याव्यात. त्या दोन जागांपैकी एक सध्या माझ्याकडे आहे. येत्या वार्षिक सभेत ती सोडायचं पत्र मी सेक्रेटरींकडे देणार आहे. दुसरी कोणाकडे आहे हे सगळ्यांना माहीत आहे, आणि रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला जाणार आहे.