आरसीवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी

नागपुरातून अमरावती रोडने बाहेर पडलात की वाडी लागते. ट्रान्सपोर्टचे ट्रक, टायरवाले, वेल्डिंगवाले, आणि त्या सगळ्यांच्या मधून फटाके फोडत जाणारी एखादी बुलेट. अशा सायलेन्सरांवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. त्यावर लोकांची मतं दोनच. एक, "बरं झालं, या पोट्ट्यांना असंच पाहिजे." दुसरं, "माझी गाडी, माझे पैसे, तुमचं काय जातं?" या दुसऱ्या वाक्याला कायद्यात काही आधार आहे का, ते बघायला बसलो आणि अख्खा शनिवार गेला. पण मजा आली.

भारतभरासाठी पहिला मोटार कायदा आला 1914 साली, आणि जरा भरभक्कम असा 1939 साली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, त्यामुळे आपल्याकडे 1940 चे सीपी अँड बेरारचे नियम लागू होते, मुंबईचे नव्हेत. त्या 1939 च्या कायद्याच्या कलम 32 मध्ये गाडीत बदल करण्याचा विषय आहे. त्याचा सूर असा की बाबा रे, गाडीत असा काही बदल करणार असशील की नोंदणी पुस्तकातली माहिती खोटी ठरेल, तर ऑफिसला कळव आणि मंजुरी घे. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटाबेसमधला रेकॉर्ड आणि खरी वस्तू जुळली पाहिजे, बस्स. बदल वाईट असं कुठेही म्हटलेलं नाही.

1988 चा कायदा (अंमल 1 जुलै 1989 पासून) आला तेव्हाही कलम 52 याच वळणाचं होतं. उलट दोन गोष्टी चक्क मालकाच्या बाजूच्या होत्या. जास्तीच्या फिटिंगमुळे गाडीचं वजन 2 टक्क्यांपर्यंत बदललं तर मंजुरीची गरजच नाही. आणि अर्ज केल्यावर 7 दिवसांत आरटीओकडून उत्तर आलं नाही तर मंजुरी मिळाली असं समजायचं! सरकारी ऑफिसच्या गप्प बसण्याचा अर्थ 'हो' धरणारा कायदा आपल्याकडे होता, हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला.

मग 2000 साली दुरुस्ती झाली आणि एक वाक्य बदललं. आता आरसीवरचा तपशील 'उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा' वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सीएनजी किटसारखे अपवाद ठेवले, पण तुलना कशाशी करायची तेच बदललं. आधी गाडी नोंदीशी ताडून बघायची, आता कंपनीशी. यामागचं कारण मला तरी पटतं. नियम 126 प्रमाणे गाडीचं प्रत्येक मॉडेल विक्रीआधी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासलं जातं. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळं. तपासली ती कंपनीची गाडी. तिला रुंद टायर आणि दुसरा सायलेन्सर लावला की त्या चाचणीचा निकाल तुमच्या गाडीला लागू राहत नाही. टेस्टिंग झाल्यावर कोणी थेट प्रॉडक्शनमध्ये कोड बदलला तर आपण त्याला काय म्हणतो ते इथे लिहीत नाही :-)

तरी वाद उरलाच. केरळ उच्च न्यायालयाने बदलांना थोडी मोकळीक दिली होती. 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली आणि सांगितलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने दंडही आला: दर बदलामागे 5000 रुपये, किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. महाराष्ट्रात नवे दंड प्रत्यक्ष लागू व्हायला डिसेंबर 2021 उजाडला, ती गंमत वेगळी.

माझी तक्रार दंडाबद्दल नाही, तपासणीबद्दल आहे. वाडीतल्या ट्रकला 8 वर्षांपर्यंत दर 2 वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस लागतो. तुमच्या-माझ्या खाजगी कारला थेट 15 वर्षांनी. मधल्या काळात कोणी बघणारा असलाच तर तो चौकातला पोलीस, आणि त्याच्या हातात मुख्यतः चलान. इंग्लंडमध्ये मार्पल्स नावाच्या मंत्र्याने 1960 साली 10 वर्षांवरच्या गाड्यांची तपासणी सक्तीची केली, आणि 1967 पर्यंत ती अट 3 वर्षांवर आली. तिथे पोलीस गाडीतल्या दोषाची चिठ्ठी देऊन 'चौदा दिवसांत दुरुस्त करून दाखव, खटला नाही' असंही म्हणू शकतात. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात सदोष गाडीच्या काचेवर पिवळा कागद चिकटवतात, त्याला लोक 'कॅनरी' म्हणतात. आपल्याकडे दोष दूर होईपर्यंत नोंदणी निलंबित करायची सोय कलम 53 मध्ये आहे, पण ते काम नोंदणी अधिकाऱ्याचं. चौकात दंड भरला की पोट्टा त्याच सायलेन्सरवर पुढच्या सिग्नलला हजर!

असो. या सगळ्या वाचनात मला अडकवलं ते एका व्याख्येने. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर तुम्ही पाहिली असेल. पायाने अधू असलेली कितीतरी माणसं तीवरच कामाला जातात. बहुतेक वेळा ती चाकं गल्लीतल्या वेल्डरनेच लावलेली असतात. 1988 च्या कायद्यात अपंगांच्या गाडीची व्याख्या होती: खास त्यासाठी रचलेली आणि बांधलेली, 'नुसती जुळवून घेतलेली नव्हे'. म्हणजे रस्त्यावर जी गाडी खरोखर दिसते, तीच नेमकी व्याख्येबाहेर! 2000 नंतर तर ती कंपनीच्या तपशिलाच्याही बाहेर गेली. फटाकेवाली बुलेट आणि ही स्कूटर एकाच कलमाखाली.

2019 च्या दुरुस्तीने ही व्याख्या बदलली. आता खास बांधलेली गाडी चालते आणि बदल करून घेतलेलीही चालते. शिवाय अशा गाडीपुरती नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी बदल केल्यानंतर घेता येते. अटी पाळाव्या लागतात, पण क्रम उलटा आहे. आधी वेल्डिंग, मग आरटीओ.