अमूर्त चित्र, भावनांचा निचरा आणि गायतोंडे

चित्रकलेला उपचाराचे साधन मानण्याची आधुनिक परंपरा फार जुनी नाही. एड्रियन हिल हा ब्रिटिश चित्रकार १९३८ साली क्षयरोगावर उपचार घेत असताना अंथरुणावरच रेखाटने करू लागला आणि १९४२मध्ये त्याने ‘कलोपचार’ या अर्थाची संज्ञा रूढ केली. त्यापूर्वी, १९११मध्ये, कँडिन्स्कीने रंग आणि आकार वस्तूच्या आधाराविनाही थेट मनाला भिडतात, असे प्रतिपादन केले होते. या दोन विचारांची पुढे सरमिसळ झाली आणि ‘अमूर्त चित्र म्हणजे साचलेल्या भावनांचा निचरा’ हे सोपे समीकरण रूढ झाले.

वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचे काम या समीकरणात बसत नाही. १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पदविका घेतलेले गायतोंडे आरंभी पॉल क्लेच्या प्रभावाखाली होते. पुढे आकृती गळून पडली. आपल्या चित्रांसाठी ‘अमूर्त’ हा शब्द त्यांना मान्य नव्हता. ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाची संज्ञा ते पसंत करीत. रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काही काढून टाकायचे, मग थांबायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण होत. भावनेचा आवेग या पद्धतीत टिकूच शकत नाही. टिकते ती केवळ एकाग्रता.

१९८४मध्ये त्यांना गंभीर अपघात झाला. मोठा कॅनव्हास हाताळणे काही वर्षे शक्य झाले नाही. १९८५ ते १९८७ या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी चित्रे केली. लिपीचा भास होणाऱ्या, परंतु वाचता न येणाऱ्या खुणा त्यांत आढळतात. त्यानंतर ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले.

चरित्रातून अर्थ शोधण्याची सवय जडलेल्या आपल्यासारख्या वाचकांना त्या शाईत वेदना वाचण्याचा मोह होतो. परंतु त्या खुणा वेदनेचे निवेदन करीत नाहीत. शरीराने घातलेली मर्यादा स्वीकारून हात, डोळा आणि कागद यांच्यातील तुटू पाहणारा व्यवहार त्या चालू ठेवतात. कलेतून मिळणारे स्वास्थ्य नेहमी मन मोकळे करण्यातूनच येते असे नाही. कामाची शिस्त अखंड राहण्यातूनही ते येऊ शकते. गायतोंडे यांच्या संदर्भात ‘अभिव्यक्ती’ हा शब्द वापरायचा असेल, तर त्यात या संयमालाही जागा द्यावी लागेल.