एकाच तबकडीचे अनेक आवाज

पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली की आपण फार तर मुखपृष्ठ बदलले का आणि किंमत किती वाढली एवढेच पाहतो. आतला मजकूर तोच असणार हे आपण धरूनच चालतो. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत असे धरून चालता येत नाही. वादन तेच, वादक तेच, दिवसही तोच. पण १९५९ची तबकडी, १९८०च्या दशकातली सीडी आणि अलीकडे निघालेली नवी तबकडी एकामागून एक ऐकली तर तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसून ऐकल्यासारखे वाटते. जॅझच्या संग्राहकांत यावरून जेवढे वाद होतात तेवढे आपल्याकडे घराण्यांवरून होत असतील. बाहेरच्याला हा रिकामटेकड्यांचा उद्योग वाटेल. पण या वादामागे इतिहासाचा एक खरा प्रश्न आहे. मूळ कशाला म्हणायचे?

जॅझची पहिली तबकडी १९१७ साली अमेरिकेत निघाली. त्या काळच्या तबकड्यांत लाख वापरलेली असे आणि ती लाख मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून जात असे. १९२५पर्यंत मायक्रोफोनचा वापर नव्हता. वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहून वाजवत. किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाने, ज्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग होता, १९२३ साली इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी मुद्रण केले ते असेच. तबकडीचा वेग मिनिटाला ७८ फेरे असे आपण म्हणतो, पण त्या काळी तो नेमका ७८ असेलच याची खात्री नसे. त्यामुळे आज ती तबकडी पुन्हा काढणाऱ्याला आधी ठरवावे लागते की हे लोक कोणत्या पट्टीत वाजवत होते. वेग जरा चुकला की पट्टी चुकते, लय चुकते आणि वाद्याचा पोतही बदलतो. म्हणजे 'आहे तसे' पुन्हा काढायचे म्हटले तरी निर्णय घ्यावाच लागतो.

टेप आल्यावर हा घोळ मिटायला हवा होता. पण जॅझमधल्या सर्वांत प्रसिद्ध तबकडीनेच तो मिटला नसल्याचे दाखवून दिले. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवशी न्यूयॉर्कमध्ये, पूर्वी चर्च असलेल्या कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत मुद्रित झाली. सोबत जॉन कोल्ट्रेन, कॅननबॉल अ‍ॅडर्ली, बिल इव्हान्स अशी एकाहून एक मंडळी. पहिल्या दिवशी मुख्य टेप-यंत्र किंचित हळू फिरत होते. हळू फिरणाऱ्या यंत्रावर मुद्रित केलेली टेप बरोबर वेगाने वाजवली की ती मूळ वादनापेक्षा जलद वाजते आणि सूर चढतो. परिणामी तबकडीची पहिली बाजू, म्हणजे 'सो व्हॉट'सह तीन रचना, थोडी चढ्या सुरात बाजारात आली. फरक अर्ध्या स्वरापेक्षा कमीच. पण तबकडीबरोबर पियानो वाजवू पाहणाऱ्याला सूर जुळेना इतका.

सुदैवाने स्टुडिओत खबरदारी म्हणून दुसरे यंत्रही चालू होते आणि त्याचा वेग बरोबर होता. त्या राखीव टेपवरून दुरुस्त आवृत्ती निघाली ती १९९२ साली. म्हणजे ३३ वर्षे सगळ्या जगाने, आणि जॅझ शिकणाऱ्या पिढ्यांनी, चढ्या सुरातली 'काइंड ऑफ ब्लू' मनात साठवली. आता सांगा, मूळ कोणते? स्टुडिओत वाजले ते, की लोकांनी ऐकले ते? इतिहासाच्या दृष्टीने दोन्ही खरे. म्हणून जुनी चुकीची आवृत्ती फेकून देऊ नये असे म्हणणारे संग्राहक मला वेडे वाटत नाहीत.

आम्हा कचेरीतल्या लोकांना हा प्रश्न ओळखीचा आहे. एक-चौदाच्या उताऱ्यावर 'खरी नक्कल' असा शिक्का मारला की ती मूळ कागदाइतकीच ग्राह्य. पण त्या नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल काढत गेलात की अक्षरे पुसट होतात, समासातले शेरे गळतात. टेपचेही तसेच. मूळ टेप वारंवार वापरली तर झिजते, म्हणून तिच्या नकला करतात, त्या परदेशी कारखान्यांना पाठवतात आणि दर नकलेगणिक आवाजाची धार कमी होते, खरखर वाढते. संग्राहक 'ही कोणत्या टेपवरून काढली?' असे आधी विचारतात ते याचसाठी.

पण मूळ टेप हाती आली म्हणजे वाद संपला असेही नाही. ब्लू नोट कंपनीचे बहुतेक प्रसिद्ध मुद्रण रुडी व्हॅन गेल्डर या गृहस्थाने केले. दिवसा चष्म्याचे नंबर काढायचे आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीत आई-वडिलांच्या दिवाणखान्यात मुद्रण करायचे, असा त्याचा क्रम. १९५९ साली त्याने स्वतःचा स्टुडिओ बांधला. टेपवरून तबकडी कोरण्याचे कामही तोच करी. त्या काळच्या साध्या ग्रामोफोनवर सुई उडू नये, आवाज भरदार यावा, म्हणून कोरताना तो फेरफार करी. म्हणजे जुन्या तबकडीवर ऐकू येते ते टेपवरचे जसेच्या तसे नव्हे. १९९९पासून त्यानेच आपल्या जुन्या मुद्रणांना नव्याने हात लावून सीडींची मालिका काढली, तर जाणकारांत दोन तट पडले. कोणी म्हणाले, ज्याने केले त्यालाच ठाऊक. कोणी म्हणाले, आवाज उगाच मोठा आणि कर्कश झाला. २०१९पासून ब्लू नोटने जो हार्ली यांच्या देखरेखीखाली मूळ टेपवरून नव्या तबकड्यांची मालिका सुरू केली. तिचे कौतुक झाले. पण तीही एक निवडच.

कानांवर किती विश्वास ठेवावा याचाही धडा २०२२ साली मिळाला. मूळ टेपवरून काढलेल्या महागड्या तबकड्यांसाठी नावाजलेल्या मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या अनेक तबकड्यांत मध्ये डिजिटल पायरी असल्याचे तेव्हा उघड झाले. डिजिटल आवाज आपल्याला क्षणात ओळखू येतो असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी त्याच तबकड्या वर्षानुवर्षे वाखाणल्या होत्या! ग्राहकांना न सांगणे चूकच. पण कानाआधी लेबल ऐकण्याची सवयही तेवढीच उघडी पडली. तुलना करायचीच तर दोन्ही आवृत्त्यांचा आवाज सारखा ठेवावा, कारण जरा मोठे वाजते ते कानाला चांगलेच वाटते. आणि कोणती लावली आहे ते दुसऱ्याला ठरवू द्यावे.

एवढी चिकित्सा करायला मुळात टेप शिल्लक असावी लागते. जून २००८मध्ये हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या गोदामाला आग लागली. तिथे ध्वनिमुद्रणांच्या मूळ टेपा होत्या ही गोष्ट लोकांना सविस्तर कळली ती २०१९मध्ये. किती नष्ट झाल्या यावर वाद आहे, पण जे गेले ते नकलांवरूनच ऐकावे लागणार.

आपल्याला हे दूरचे वाटायला नको. मुंबईच्या हॉटेलांत आणि क्लबांत एके काळी जॅझ वाजवणाऱ्यांत आपले गोमंतकीय किती तरी होते. हळदोण्याचे आंतोनियु झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' या नावाने गाजले. सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला'च्या (१९५१) संगीतात त्यांचा हात होता आणि पडद्यावरही ते आपल्या वाद्यवृंदासह दिसतात. चित्रपटामुळे तेवढे टिकले. पण रात्र रात्र चाललेले त्यांचे आणि त्यांच्या सोबत्यांचे क्लबातले वादन बहुतेक मुद्रितच झाले नाही. अमेरिकेत एका वादनाच्या दहा आवृत्त्यांतली कोणती सरस यावर भांडण चालते. इथे भांडायला एकही आवृत्ती नाही.

म्हणून एक विनंती. घरच्या माळ्यावर, आजोबांच्या पेटीत जुन्या तबकड्या, कॅसेटी किंवा टेपची रिळे असतील तर ती भंगारात देऊ नका. खरखरत असली तरी चालेल. खरखर पुढेमागे कोणी कमी करील. पण नसलेला आवाज कोणालाही काढता येणार नाही.