आणेवारीचा वाद : खेडा जिल्हा, १९१८

खेडा सत्याग्रहाचे विवेचन बहुधा गांधीजींच्या राजकीय जीवनातील एक टप्पा म्हणून केले जाते. त्यामुळे त्याच्या मुळाशी असलेला महसुली प्रश्न मागे पडतो. आपत्तीत सापडलेल्या शेतकऱ्यास सरकारी साहाय्य द्यावयाचे ते कोणत्या मापाने, आणि ते माप कोणी धरावयाचे, हा तो प्रश्न होय.

मुंबई इलाख्यातील रयतवारी पद्धतीत सारा सामान्यतः ३० वर्षांकरिता ठरविला जाई. बऱ्यावाईट वर्षांची सरासरी आकारणीतच धरलेली असल्याने दरसाल सूट देण्याचे कारण नाही, ही गोल्डस्मिड व विंगेट यांच्या पाहणीपासूनची भूमिका. १८७६-७८ च्या आणि शतकाखेरीच्या दुष्काळांनी ती डळमळीत केली. १९०१ च्या दुष्काळ आयोगाने तगाई व तहकुबी वेळीच द्यावी, असा आग्रह धरला. तहकुबी म्हणजे सूट नव्हे. तिने वसुली पुढे ढकलली जाते, देणे कायम राहते. परंतु हे मर्यादित साहाय्यही आणेवारीवर अवलंबून असे. पीक ४ आणे किंवा त्याहून कमी उतरल्यास त्या वर्षाची सारावसुली तहकूब करावी, असा नियम होता.

१९१७ च्या अतिवृष्टीने खेडा जिल्ह्यातील खरिपाची हानी झाली. पीक ४ आण्यांच्या आत आहे, असे शेतकऱ्यांचे म्हणणे. सरकारी अंदाज त्याहून अधिक होता. पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अमृतलाल ठक्कर यांनी प्रत्यक्ष चौकशी करून कमिशनर प्रॅट यांच्याशी चर्चा केली. विठ्ठलभाई पटेल व गोकुळदास पारेख यांनी कायदे कौन्सिलात प्रश्न मांडला. लवादाची मागणी सरकारने फेटाळली. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, रयत नियम बदलावा असे म्हणत नव्हती; सरकारचाच नियम सरकारने पाळावा, एवढेच तिचे मागणे होते. मोजणारा आणि वसूल करणारा एकच असेल, तर नियमाचा आधार कितपत राहतो, हा वादाचा गाभा होता.

२२ मार्च १९१८ रोजी नडियाद येथे सत्याग्रह सुरू झाला. ऐपतदारांनीही सारा न भरण्याची शपथ घेतली. कारण त्यांनी भरणा केल्यास गरीब कुळे धास्तावून गुरेढोरे विकतील वा कर्ज काढतील, अशी भीती होती. जप्त्या झाल्या. अखेर जूनमध्ये, सधनांनी सारा भरल्यास गरिबांना तहकुबी मिळेल, या तडजोडीवर लढा संपला.

गांधीजींना हा शेवट समाधानकारक वाटला नाही. गरीब कोण, हे ठरविण्याचा हक्क रयतेचा. पण तो बजावण्याचे बळ तिच्यात उरले नव्हते, असे त्यांनी पुढे आत्मकथेत नमूद केले. या कबुलीचे महत्त्व विजयाच्या वर्णनाहून अधिक आहे. तहकुबी मिळाली, पण तिचे निकष सरकारच्याच हाती राहिले. साहाय्य हक्क न ठरता मेहेरबानीच ठरले.

पुढे साहाय्याचे रूप पालटले. साऱ्याच्या तहकुबीची जागा रोख अनुदानाने घेतली, आणि २०१५ मध्ये केंद्र शासनाने पात्रतेसाठी पीकहानीची मर्यादा ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आणली. मर्यादा खाली आली, तरी हानी किती हे पंचनाम्यानेच ठरते. म्हणून आपत्ती-साहाय्याचा इतिहास लिहिताना वाटलेल्या रकमांइतकेच मोजणीच्या अधिकाराकडेही लक्ष दिले पाहिजे.