विकलांगता निवृत्तिवेतन (भारतीय सशस्त्र दले)

विकलांगता निवृत्तिवेतन हे लष्करी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा बळावलेल्या विकारासाठी माजी सैनिकाला मिळणारे निवृत्तिवेतन आहे. त्यासाठी वैद्यकीय मंडळाने किमान २० टक्के विकलांगता नोंदवावी लागते. दमा व फुफ्फुसांचे इतर दीर्घकालीन विकार हळूहळू वाढतात. धूम्रपानासारखी इतर कारणेही संभवतात. त्यामुळे विकाराचा सेवेशी संबंध हाच बहुधा वादाचा मुद्दा ठरतो.

धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार (२०१३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन नियमांचा अर्थ स्पष्ट केला. भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेमुळे झाला असे सामान्यतः गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असा निर्णय न्यायालयाने दिला.

दावा नामंजूर झाल्यास विभागीय अपिलानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.