पेनाच्या टोकावरचं पोलाद

तुमच्या खिशातलं पाच-दहा रुपयांचं बॉलपेन कस्टमच्या वहीत ९६०८.१० असतं. १ जानेवारी १९८८ पासून लागू झालेल्या 'हार्मोनाइज्ड सिस्टीम' या जागतिक वर्गीकरणातला हा आकडा. प्रकरण ९६, किरकोळ माल; शेजारी झाडू, बटणं, कंगवे. पण तेच पेन सुटं करून पाहा. रिफिल ९६०८.६० मध्ये जाते, शाई ३२१५ मध्ये, आणि टोकासाठी लागणारं पोलाद थेट प्रकरण ७२ मध्ये, लोखंड-पोलादाच्या रांगेत.

चीनचं दुखणं नेमकं याच रांगेत होतं. वर्षाला सुमारे ३,८०० कोटी पेनं बनवणारा हा देश टोकाचं पोलाद मात्र मुख्यतः जपानसारख्या देशांतून आणत असे. इवलीशी गोळी जिथे फिरते ती खाच कमालीची अचूक लागते. पोलाद सहज कापलं गेलं पाहिजे, पण तडकता कामा नये. जानेवारी २०१६ मध्ये पंतप्रधान ली केकियांग यांनी तैयुआन शहरात ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली. त्याच शहरातल्या सरकारी पोलाद कारखान्याने वर्षभरात २.३ मिलिमीटर जाडीची तार तयार केली. जानेवारी २०१७ मध्ये ती जगभर बातमी झाली.

पेनांच्या खोक्यावर 'मेड इन चायना' तेव्हाही होतं, आजही आहे. किती पेनं विकली हे ९६०८ सांगतं. ते टोक कुणाला घडवता येतं, हे कळायला मात्र वहीची मागची पानं उलटून प्रकरण ७२ पर्यंत जावं लागतं.