आजोबांचं व्हर्नाक्युलर फायनल आणि पुतणीची पिवळी व्हॅन

थोडी लांब पोस्ट आहे. विषय आपल्या गावच्या शाळेचाच आहे, पण तिथवर यायला बरंच मागून यावं लागेल. वेळ असेल तेव्हा वाचा.

परवा माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली. सातबाराचे जुने उतारे, तांब्याचे दोन गडवे आणि तळाशी आजोबांचा एक दाखला. 'व्हर्नाक्युलर फायनल' पास. पुतणी शेजारी बसली होती. म्हणाली, "काका, व्हर्नाक्युलर म्हणजे काय?" म्हटलं, अगं शब्द इंग्रजी आहे, इंग्लिश मीडियमला तू जातेस की मी? तर हसली.

व्हर्नाक्युलर म्हणजे देशी भाषा, म्हणजे आपली मराठी. मराठी सातवी पास झाल्याची ती परीक्षा. पण तिचं नाव मात्र इंग्रजीत! आजोबा ती पास झाले आणि प्राथमिक शिक्षक झाले. त्या काळी पंचक्रोशीत 'फायनल झालेला' माणूस म्हणजे मोठा मान होता. मास्तर किंवा तलाठी होता यायचं. पण त्याच्या पुढचा रस्ता तिथेच संपायचा.

कारण शाळेच्या वाटा दोन होत्या. मराठी चौथीनंतर एक वाट मराठी पाचवी, सहावी, सातवी अशी फायनलकडे जायची. दुसरी वाट 'इंग्रजी पहिली'ला सुरू व्हायची आणि इंग्रजी सातवीला, म्हणजे मॅट्रिकला पोचायची. म्हणून जुनी माणसं सांगायची, "मी इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलोय." आपल्याला वाटायचं तिसरीच शिकलेत, पण ते सातवी झालेले असायचे. इंग्रजी शाळा असायची तालुक्याच्या गावी, तिला फी असायची, वर राहण्या-जेवणाची सोय बघायची. गावातलं दप्तर मराठीत, मोडीत चालायचं आणि कलेक्टर कचेरीतला वरचा कारभार इंग्रजीत. त्यामुळे कोण कोणत्या वाटेला लागलं, यावर तो कुठल्या कचेरीत कुठल्या खुर्चीवर बसणार हे ठरून जायचं. आजोबांना दहाव्या वर्षीच त्या फाट्यावरून डावीकडे वळवलं गेलं. हुशारी कमी होती म्हणून नव्हे. तालुक्याला ठेवायला पैसे नव्हते.

आता हे दोन रस्ते पाडले कुणी? आपण सगळा दोष मेकॉलेवर टाकून मोकळे होतो. त्याचं टिपण १८३५ चं, कलकत्त्याचं. आपल्या मुंबई इलाख्यातली गोष्ट थोडी वेगळी आहे आणि खरं सांगायचं तर जास्त रंगतदार आहे.

१८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला. दोन्ही भाषा एका पानावर नांदू शकतात, हे पहिल्या मराठी वृत्तपत्रालाच कळलेलं होतं. पुढे १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात भांडण लागलं. मंडळाचे अध्यक्ष होते न्यायाधीश अर्स्किन पेरी. त्यांचं म्हणणं असं, की पैसा थोडा आहे, तो थोड्याच लोकांना इंग्रजीतून उत्तम शिकवायला वापरा, ज्ञान आपोआप खाली झिरपेल. समोर उभे राहिले नाना शंकरशेट आणि गणिताची पुस्तकं मराठीत आणणारे जर्व्हिस. नाना काही इंग्रजीचे वैरी नव्हते, एल्फिन्स्टनचं इंग्रजी शिक्षण उभं करण्यात त्यांचाच मोठा हात. पण सर्वसामान्य रयतेपर्यंत विद्या न्यायची तर ती तिच्याच भाषेतून जाईल, हा त्यांचा मुद्दा होता.

मग १८५४ चा वुडचा खलिता आला आणि मधला मार्ग काढला. खालचं शिक्षण देशी भाषेत, वरचं इंग्रजीत. कागदावर हे अगदी शहाणपणाचं दिसतं. पण खालून वर जाण्याचा जिना कुणाला मिळणार, हा प्रश्न तसाच राहिला. १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं, १८६२ ला पहिले चार पदवीधर झाले. रानडे, भांडारकर, वागळे, मोडक. चारही आडनावं वाचली की जिना कुणाच्या अंगणात होता ते कळतं. त्या चौघांची विद्वत्ता वादातीत आहे. मी जिन्याबद्दल बोलतोय.

हे सगळ्यात आधी स्पष्ट बोलले ते जोतीराव फुले. १८८२ ला हंटर कमिशन आलं, तेव्हा त्यांनी निवेदन दिलं. सरकारचा महसूल येतो शेतकऱ्याच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. प्राथमिक शिक्षण किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचं करा म्हणाले. त्यात मोडी आणि बाळबोध वाचन, लेखन, हिशेब, शेतीची माहिती शिकवा म्हणाले. म्हणजे मागणी रयतेच्या मराठी शाळेची. पण ते निवेदन लिहिलंय कुठल्या भाषेत? इंग्रजीत! मराठी शाळेची बाजू सरकारच्या कानावर घालायला इंग्रजी लागली. ती जोतीरावांना येत होती, कारण पुण्याच्या मिशनरी शाळेचं दार त्यांना उघडं मिळालं होतं. सावित्रीबाईंच्या १८५४ च्या 'काव्यफुले'त इंग्रजी शिका म्हणून आग्रह धरणाऱ्या कविता आहेत, त्या याच अनुभवातून आलेल्या. साहेबाची हौस म्हणून त्यांनी हे लिहिलेलं नाही. शास्त्र-पुराणांनी ज्यांना पाटी धरू दिली नाही, त्यांना ही भाषा तुझी जात कोणती असं विचारत नव्हती, एवढं त्यांनी पाहिलं होतं.

आणि गंमत बघा, ज्यांना आपण मराठी बाण्याचे म्हणून ओळखतो त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडून १८८० ला शाळा काढली, तिचं नाव 'न्यू इंग्लिश स्कूल'. सोबत टिळक होते. पुढच्याच वर्षी दोन पत्रं निघाली, रयतेसाठी 'केसरी' मराठीत आणि सरकारला ऐकू जावं म्हणून 'मराठा' इंग्रजीत. बाबासाहेबांनी १९२० ला 'मूकनायक' मराठीत काढलं आणि प्रबंध कोलंबियात, लंडनमध्ये इंग्रजीत लिहिले. ज्यांना खरोखर काही बदलायचं होतं त्यांच्यापैकी कुणी एका भाषेवर भागवलेलं मला तरी दिसत नाही.

आता स्वातंत्र्यानंतर. इथे आमच्या बाबांची गोष्ट येते.

बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना मुंबई राज्यात पाचवी ते सातवीचं इंग्रजी काढलं गेलं, ते आठवीपासून ठेवलं. हेतू वाईट नव्हता. दोन वाटा मोडायच्या, पोरांवरचं ओझं कमी करायचं, सगळ्यांना एका रांगेत आणायचं. पण सगळे कुठे रांगेत उभे राहिले? ज्यांना परवडत होतं त्यांनी मुलं इंग्रजी माध्यमाच्या मिशनरी शाळांत घालायला सुरुवात केली. मग ६ जानेवारी १९५४ ला सरकारने हुकूम काढला, की ज्यांची भाषा इंग्रजी नाही अशा भारतीय मुलांना या शाळांनी प्रवेश द्यायचा नाही. त्याविरुद्ध कोर्टात गेलेली शाळा कुठली, माहीत आहे? आपल्या देवळालीची बार्न्स! नाशिकरोडवरून कॅम्पात जाताना आपण कितीदा तिचं नाव घेतो, पण तिच्या नावाने घटनेतला एक मोठा निकाल आहे हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. अर्जदारांत मातृभाषा गुजराती असलेले एक वडीलही होते, त्यांना आपल्या मुलाला इंग्रजी माध्यमातच शिकवायचं होतं. आधी हायकोर्टात सरकार हरलं, आणि २६ मे १९५४ ला सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की केवळ भाषेच्या कारणावरून नागरिकाच्या मुलाला शाळेचं दार बंद करता येणार नाही.

निकाल बरोबरच होता, मला वाटतं. पण त्याचा परिणाम आमच्या घरातून बघा. देवळालीत फी भरणाऱ्याचं पोर पहिलीपासून इंग्रजीत, आणि तिथून तीस-पस्तीस किलोमीटरवर आमचे बाबा आठवीत एबीसीडी गिरवतायत. जिना पुन्हा फीच्या पलीकडे गेला. बाबा मॅट्रिक झाले, गणितात चांगले मार्क होते. कॉलेजला सायन्सला गेले. वर्गात सगळं इंग्रजीत. एक वर्ष काढलं आणि परत आले. "गणित कळत होतं रे, सर काय म्हणतायत ते कळत नव्हतं," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय.

तरी बाबांचं निभावलं. १९६४ ला राजभाषेचा कायदा झाला, सरकारी कचेरीत मराठी आली आणि मराठीत मसुदा लिहिणाऱ्या कारकुनाला किंमत आली. माझ्या वेळेपर्यंत इंग्रजी पाचवीला आलं होतं, पण सरकारी भरती आटत चालली होती. १९९१ नंतर नोकऱ्या गेल्या खाजगीत, आणि तिथे राजभाषा कायदा चालत नाही. मी डिप्लोमा करून एका कंपनीत मुलाखतीला गेलो. मशीनची सगळी माहिती होती. साहेब म्हणाले, "टेल मी अबाउट युवरसेल्फ." मी माझं नाव सांगितलं आणि थांबलो. पुढचं वाक्यच येईना. पुढे दुसरीकडे काम लागलं, पण ती शांतता अजून आठवते.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना सगळ्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. तेव्हा केवढी टीका झाली! मला आजही तो निर्णय पटतो. जिना पहिल्यांदा फी न घेता गावातल्या शाळेत आणून ठेवला गेला. फक्त शिकवणार कोण, हा विचार मागे राहिला. जे गुरुजी स्वतः पाचवीत इंग्रजी शिकले, ज्यांनी आयुष्यात कधी इंग्रजीत कुणाशी दोन वाक्यं बोलली नाहीत, त्यांच्या हातात पुस्तक दिलं आणि थोडंफार प्रशिक्षण. गुरुजींना दोष देणं सोपं आहे. मी नाही देणार.

आणि म्हणून आज सकाळी सात वाजता पिवळी व्हॅन येते. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेसमोरून अकरा पोरं घेऊन तालुक्याला जाते. शाळेचा पट १९ वर आलाय. पुतणी त्याच व्हॅनने जाते, मी काय सांगणार दुसऱ्याला! परवा तिला सायन्सचा धडा वाचायला सांगितला. खडाखडा वाचला, उच्चार माझ्यापेक्षा छान. विचारलं, झाड अन्न कसं तयार करतं, मराठीत सांग. नाही आलं. बरं, इंग्रजीत सांग. पुस्तकातलं तेच वाक्य परत म्हणाली. तिच्या मॅडम वर्गात मराठीतच बोलतात, पगार अगदीच कमी, दर वर्षी बदलतात. वर्षाची फी आणि व्हॅनचे मिळून भाऊ जे भरतो ते सांगत नाही, आमच्याकडे त्यावरून आधीच वाद आहेत.

बाबांना गणित कळायचं आणि इंग्रजी कळायचं नाही. हिला इंग्रजी वाचता येतं आणि विज्ञान कळत नाही.

शनिवारी सकाळी दहाला शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. विषय, सेमी-इंग्रजी सुरू करायचं का. माझं मत असं, की विषय मराठीतून शिकवा आणि इंग्रजी हा विषय मात्र रोज दोन तास, बोलून घेऊन शिकवा. त्यासाठी गावातली आपली इंजिनीअर झालेली, नर्सिंग केलेली पोरं आठवड्यातून एक दिवस वर्गात आली तर गुरुजींना हातभार लागेल. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनीही या, समोर बसून भांडू. व्हॅनने पोरं पाठवणाऱ्यांनी तर नक्की या. आजोबांचा दाखला मी घेऊन येतोय.